यूनानचं वाळवंट

अंबडमध्ये मी खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक दारात आधी माझं आडनाव विचारलं गेलं, आणि ते सांगितलं की खोली कालच कुणीतरी घेतलेली असे. मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती आणि मी एका सहशिक्षिकेच्या स्वयंपाकघरात झोपत होते. अशात एका संध्याकाळी कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या घरासमोर येऊन थांबले. दारात बाज टाकून एक उंच, वाळलेला माणूस उघड्या अंगाने बसला होता. मी येण्याचं कारण सांगितलं. त्याने मला न्याहाळलं नाही. माझ्या डोक्यावरून लांब कुठेतरी पाहत विचारलं,

“बाई, पोहता येतं का?”

मी नाही म्हणाले. जून अर्धा सरला होता, पावसाचा पत्ता नव्हता, नळावर घागरींच्या रांगा होत्या. या गावात पोहायचं कुठे, हेच मला कळेना.

“मंग शिकून घ्या,” तो म्हणाला. “खोली तुमची.”

आतून बायकी आवाज आला, “पैले खोली दाखवा की तिला! का तिथं पोहूनच जायचं हाय?”

हे माझे घरमालक. गाव त्यांना फौजीमामा म्हणायचं, मग मीही तेच म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला मामी. माझं लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडे राहिले. मामांनी मला आडनाव शेवटपर्यंत विचारलं नाही. पुढे कधीतरी मीच होऊन सांगितलं, की आपण एकाच समाजातले, माझ्याही वडिलांनी छप्पन्न सालीच धर्म बदलला. मामा म्हणाले, “असंल.” मला तेव्हा राग आला होता. एवढी मोठी गोष्ट, आणि नुसतं ‘असंल’!

त्याचं कारण नंतर कळलं. मामा अंबडच्या कोर्टात शिपाई होते आणि त्यांचं मुख्य काम पुकाऱ्याचं. खटला निघाला की व्हरांड्यात यायचं, पक्षकाराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव असं सगळं खणखणीत ओरडायचं आणि शेवटी ‘हाजीर है?’ अशी हाक द्यायची. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते शेवटचे दोन शब्द कुणी बदलले नव्हते. मामांचा आवाज असा, की बाजारात वांगी निवडणारी माणसं स्वतःचं नाव ऐकून दचकत. “दिवसभर आडनावंच वरडतो, बाई,” ते म्हणाले. “घरी आलो की कुणाचंच नको वाटतं.”

आणि खरंच, त्या घरात कुणालाच नाव नव्हतं. मी ‘बाई’. बकरी ‘सुभेदारीण’. मामी ‘कंपनी’. सकाळी अंगणातून हुकूम सुटायचा, “कंपनी, चहा!” आतून उत्तर यायचं, “कंपनीला आज रजा पायजे!” रजा कधी मंजूर झाली नाही आणि चहा कधी चुकला नाही.

तरुणपणी मामा निजामाच्या मुलखातून पळून नगरला गेले आणि फौजेत भरती झाले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांच्या हातात बंदूक आली नाही, खेचरं आली. खेचरांच्या पाठीवर पीठ, पाणी, दारूगोळा लादून डोंगर चढायचे आणि उतरायचे, एवढंच त्यांचं युद्ध. लढाई संपता संपता त्यांची तुकडी काही दिवस यूनानच्या एका बेटावर होती. ग्रीस हे नाव मामांच्या तोंडून मी ऐकलं नाही. तुकडीतल्या हैदराबादकडच्या लोकांनी यूनान म्हटलं, तेच त्यांच्या जिभेवर बसलं. बेटाचं नाव विचारलं तर म्हणत, “बेटाला कोण नाव इचारतं? आम्हाला उतरवलं, आम्ही उतरलो.”

गावात त्यांच्यावर कुणी फारसा विश्वास ठेवत नसे. ठेवणारा एकच माणूस, बाजारपेठेतले म्हातारे हकीमसाहेब. कारण त्यांचा यूनानी दवाखाना होता. पण त्यांचीही एक तक्रार होतीच. मामा दिसले की ते आतूनच हाक मारत, “अरे फौजी, यूनान जाके खाली हाथ आया तू! एक जडी तो लाता!”

मामा रस्त्यातून सलाम ठोकत. “ओवा था, हकीमसाब! सगळ्या डोंगरावर ओवाच ओवा!”

हकीमसाहेब निराशेने मान हलवत. ओवा अंबडलाही मिळत होता.

रविवारी मामा आंघोळीच्या पाण्यात मूठभर खडेमीठ टाकत आणि अंग न पुसता बाजेवर उन्हात पडत. दंडावरची कातडी सुकून ओढल्यासारखी झाली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. मामी येता-जाता म्हणत, “मीठ लावून वाळत पडलेत बघ, बोंबलावानी! संध्याकाळी भाजून वाढू का?” आठवडी बाजारात सुकट-बोंबलाचं एक दुकान लागे. समुद्र अंबडपर्यंत पोचतो तो एवढाच. मामा पिशवी हातात धरून त्या दुकानासमोर डोळे मिटून उभे राहत. विकणारी बाई शेवटी ओरडे, “मामा, वास फुकट हाय, पर तुमच्यामागं गिऱ्हाइकाला माल दिसंना झालाय! सरका!” मामा सरकत, म्हणजे वारा ज्या बाजूला जात असेल त्या बाजूला सरकत.

एका सव्वीस जानेवारीला आमच्या मुख्याध्यापिकांनी त्यांना शाळेत बोलावलं. माजी सैनिकाने मुलींना चार शब्द सांगावेत. मामा इस्त्रीचा खाकी सदरा घालून आले. युद्धाचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. “एक लई मोठं वाळवंट होतं,” त्यांनी सुरुवात केली, “पांढरंशिप्पट. आन् त्याला लागून पाणीच पाणी.”

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. “वाळवंटात पाणी नसतं. आमच्या बाईंनी शिकवलंय. तिथं उंट असतात.”

सगळी शाळा हसली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, आपल्या गोदी नदीच्या कडंला वाळू असती, तिला काय म्हणतात?”

“वाळवंट,” मी म्हणाले.

“तिथं पाणी असतं का न्हाई?”

“असतं.”

“आन् उंट?”

मुलींना हसू आवरता आवरेना. भूगोलाच्या पुस्तकातलं वाळवंट आणि आमच्या नदीकाठचं वाळवंट ही दोन्ही एकाच शब्दात इतकी वर्षं शेजारी नांदत होती, आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मुख्याध्यापिका मूळच्या कोकणातल्या. त्यांनी उठून समजूत घातली, की समुद्राकाठच्या वाळूला पुळण असा शब्द आहे. मामांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला.  घरी दारात चप्पल काढताना मामा म्हणाले, “पुळण चांगला शब्द हाय, बाई. पर मी गेल्तो तवा मला त्यो माहीत न्हव्हता. मी वाळवंटातच गेल्तो.”

तिथली गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक सकाळी, कोर्टात जायच्या आधी दाढी करताना. एका गालाला साबण लागलेला असे आणि बेट सुरू होई.

लढाई थांबली होती आणि खेचरांना खरूज झाली होती. डॉक्टरने सांगितलं, यांना समुद्रात धुवून आणा. बंदरावर बोटी, तेलाची पिंपं, गोरे साहेब. तिथे खरजेची जनावरं कोण येऊ देणार? म्हणून त्यांना बेटाच्या पलीकडच्या अंगाला पाठवलं. रस्ता नव्हता, बकऱ्यांची पायवाट होती. गुडघ्याएवढ्या झुडपांना पाय घासला की ओव्याचा वास उठायचा. वाटेत राखाडी पानांची वाकडीतिकडी झाडं, त्यांना जांभळासारखी फळं. मामांनी एक तोडून तोंडात टाकलं आणि अर्धा डोंगर थुंकत उतरले. त्यांच्या मते ते जांभळाचं सोंग घेतलेलं कडुलिंबाचं झाड होतं. हवालदार आणि बाकीचे सावली पाहून डोंगरावरच पत्ते खेळत बसले. मामा तेवढे जनावरं घेऊन खाली गेले.

खाली विळ्यासारखं वाकलेलं ते वाळवंट होतं. दोन्ही टोकांना खडक. घर नाही, दुकान नाही, देऊळ नाही, वाळूवर माणसाचं पाऊलसुद्धा नाही. उलटी करून ठेवलेली एक होडी, आणि तिच्या सावलीत दोन बकऱ्या. पाणी मोरचूद कालवल्यासारखं निळं-हिरवं. पण ओंजळीत घेतलं की त्याला रंगच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी आपल्या पायाची नखं दिसत. खोगिरं उतरवल्यावर खेचरं आधी वाळूत मनसोक्त लोळली, मग आपणहून पाण्यात शिरली आणि माना वर काढून उभी राहिली, “लग्नातल्या म्हाताऱ्यांवानी. कुठं बघावं कळंना झाल्यासारखी.”

“बकऱ्या ज्याच्या, त्यो म्हातारा आला,” मामा सांगत. “लई बोलला त्याच्या भाषेत. मी आपल्या भाषेत हो हो म्हणलो.”

“काय बोलला असेल?”

“बकऱ्यांची तक्रार. दुसरं काय बोलणार? मंग माझी पाण्याची बाटली घेतली, तोंड लावून प्याला, आन् उरलेलं मला दिलं. मीबी तशीच तोंडाला लावली.” मामांनी वस्तरा पाण्यात बुडवला. “त्यानं काई इचारलं न्हाई, बाई. म्हंजे इचारलंबी असंल, पर मला कळलं न्हाई. किती चांगलं झालं.”

दुपार कलल्यावर डोंगरावरून हवालदाराने शिट्टी दिली. मामा ओल्या अंगाने वाळूत पडले होते, उठले नाहीत. पुन्हा शिट्टी झाली.

“तवा मनात आलं की न्हाई उठायचं. हितंच राहायचं. म्हाताऱ्याच्या बकऱ्या राखू, त्यो देईल ते खाऊ.”

“मग?”

“मंग खेचरं उठली. आपापली चालायला लागली वर. मीबी गेलो त्यांच्या मागं.”

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, “बघ ग बाई! खेचरांना कळलं घर कुठंय ते. ह्यांना न्हाई कळलं!”

गल्लीतल्या बायका मामींना चिडवत, की फौजीने तिकडे नक्कीच मडम ठेवली असणार, त्याशिवाय माणूस एवढा झुरतो का? मामी हसून घालवत. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, “मडम असती तर बरं झालं असतं. बाईमाणूस आतापोतर म्हातारं झालं असतं, दात पडले असते. माझी सवत वाळूची हाय. तिला काय होतंय?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, “ह्ये तिथं राहायचं म्हणत होते ना, तवा आमचं लगीन झाल्तं. मी गावात ह्यांच्या आईच्या पायाला तेल चोळत बसले होते. ह्ये उठले ते खेचरांसाठी. तुझ्यासाठी उठलो म्हणून एकदा तरी म्हणावं की माणसानं!”

एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि मामांना खोटं बोलता येत नव्हतं. ते अधूनमधून म्हणत, “चल कंपनी, एकदा तुला समुद्र दाखवतो. मुंबईचा तर मुंबईचा.” हे ऐकलं की मामी हातातलं काम टाकून उठून जात. “मी न्हाई सवतीच्या दारात जाणार,” एवढं जाताना ऐकू येई.

मला बरेच दिवस वाटे, मामांना ओढ आहे ती त्या पाण्याच्या रंगाची, नाहीतर एकांताची. एकदा मी विचारलंच. “मामा, वाळू तर आपल्या गोदावरीलाही आहे. तिथं असं काय होतं?”

“गोदीला वरचं अंग हाय, खालचं अंग हाय,” मामा म्हणाले. “आपलं खालचं. वर गावचे लोक पाणी भरायचे, मंग त्यांच्या आंघोळी, मंग जनावरं, मंग धुणं, आन् मंग आपण. आई घागर बुडवायच्या आधी बघायची, काय वाहून येतंय ते. समुद्राला वरचं अंग नसतं, बाई. मी लई शोधलं. सवयच होती ना. पाण्यात पाय घालायच्या आधी बघितलं, आपली बाजू कंची. ह्या खडकापोतर गेलो, त्या खडकापोतर गेलो. पाणी कुणीकडूनच कुणीकडं चाललं न्हव्हतं. नुसतं यायचं आन् जायचं. मंग गेलो, जिथं उभा होतो तिथूनच.”

मग दुष्काळाचं साल आलं. त्या उन्हाळ्यात अंबडच्या विहिरींचे तळ दिसू लागले. पाण्याच्या पाळ्यांमुळे शाळेत मुली येईनाशा झाल्या. शहागडच्या बाजूला गोदाकाठी मामांचं गाव. तिथे त्यांची एक थकलेली चुलती राहत होती. तिला पाहायला एका रविवारी सकाळीच आम्ही तिघं एसटीने गेलो.

गोदावरी म्हणून तिथे काही उरलं नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू, आणि वाळूत माणसांनी खणलेले झिरे. हातभर, दोन हात खड्डा करायचा, तळाशी पाणी पाझरून जमतं, ते वाटीने घागरीत भरायचं. नदी गेली होती तरी झिऱ्यांना वर आणि खाली होतंच. गावचे झिरे वरच्या बाजूला, आपल्या लोकांचे बऱ्याच अंतरावर खाली. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. माणसांच्या पायांनी जुन्या जागा आपोआप ओळखल्या होत्या.

मामी चुलतीची घागर आणि वाटी घेऊन खालच्या बाजूला चालू लागल्या. मामांनी चपला काढून हातात घेतल्या, सरळ वर गेले, गावच्या झिऱ्यांच्या अलीकडे वाळूत आडवे झाले आणि डोळे मिटून घेतले. वाळू अजून तापली नव्हती. मी त्यांच्यामागे गेले, आणि काय करावं ते न सुचून उभी राहिले.

पाणी भरणाऱ्या बायका हसू लागल्या. “फौजी येडा झाला ग!” मग मामांच्याच वयाचा एक माणूस बादली घेऊन आला. दोघं लहानपणापासून एकमेकांना ओळखत असावेत, कारण त्याच्या बोलण्यात सुरुवातीला राग नव्हता.

“फौजी, तुमचं खाली हाय की.”

मामांनी डोळे उघडले नाहीत. “खाली कुठं?”

“खाली म्हंजे खालच्या अंगाला.”

“पाणी कुणीकडून कुणीकडं चाललंय?”

“आता पाणी कुठंय, लेका?”

“मंग वरचं अंग कंचं आन् खालचं कंचं, दाखीव बराबर.”

त्या माणसाने खरोखरच पाहिलं. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. दोन्हीकडे सारखीच वाळू. “नदी कशी वाहती ते सगळ्याला म्हाईत हाय,” तो म्हणाला.

“वाहती तवा वाहती. आज बिलकुल न्हाई ना? आज समुद्र हाय असं समज.”

“समुद्र!” तो मोठ्याने म्हणाला, आणि तो आवाज ऐकून काठावरून आणखी दोघं-तिघं खाली उतरू लागले. त्यांच्या चालण्यात हसू नव्हतं. मी मामांना उठा, उठा म्हणत होते. ते उठत नव्हते. त्यांचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नव्हता इतका निवांत होता.

तेवढ्यात खालून मामी आल्या. घागर रिकामीच होती. मला वाटलं, नवऱ्याला हाताला धरून उठवतील. त्या आमच्याकडे आल्याच नाहीत. आम्हाला ओलांडून गावच्या झिऱ्यापाशी गेल्या, बसल्या, आणि वाटीने पाणी काढू लागल्या. झिऱ्याचं पाणी कुणाची घाई ऐकत नाही. एक वाटी काढायची, थांबायचं, पुन्हा जमू द्यायचं, पुन्हा एक वाटी. उतरणारी माणसं मध्येच थांबली. एकटी बाई, पाठमोरी, मान खाली. तिच्याशी भांडण काढायचं कसं, हे बहुधा त्यांना उमगेना. आधीपासून तिथे बसलेल्या एका म्हातारीने आपली घागर थोडी बाजूला ओढून घेतली. तिने मामींना जागा दिली की आपली घागर विटाळापासून वाचवली, हे मला आजही सांगता येणार नाही.

हळूहळू घागर भरली. मामी उठल्या, घागर मामांच्या डोक्याशी आणून टेकवली आणि म्हणाल्या, “उठा. पाणी आणलंय.”

मामा उठून बसले. मामींनी वाटी भरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एका दमात संपवली.

“असंच होतं का तिथं?” मामींनी विचारलं. त्या जागेबद्दल त्यांनी काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“असंच,” मामा म्हणाले. मग वाटीच्या तळाकडे पाहत बोलले, “पर तिथलं पेता येत न्हव्हतं.”

“आँ?”

“खारट. तोंडात धरवत न्हव्हतं. बाटली त्या म्हाताऱ्यानं संपवतच आणली, मला घोटभरच उरलं. तहानेनं जीव गेला माझा दिसभर. खेचरंबी तहानेनंच उठली.”

“आन् ह्ये इतक्या वर्षांत सांगितलं न्हाई व्हय तुम्ही!” मामी ओरडल्या, आणि मग त्यांना हसू आलं. वाळूतच बसून, पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. बादलीवाला माणूस आमच्याकडे पाहत होता. त्याला या घराण्यात वेड पसरलं आहे असं वाटलं असावं. तो बादली उचलून निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात चुलतीचा निरोप आला. गावाने त्या झिऱ्यावर बाभळीच्या फांद्या टाकून तो बंद केला होता, आणि शेजारी दुसरा खणला होता. निरोप ऐकून मामा नेहमीसारखे कोर्टात गेले. त्या दिवशी त्यांचा पुकारा आतपर्यंत ऐकू येईना, म्हणून न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा पुकारायला लावलं, असं मला दुसऱ्या शिपायाने सांगितलं. मग त्या वर्षी पाऊस झाला. नदी वाहू लागली, आणि तिला पुन्हा वरचं आणि खालचं अंग आलं.

घरात एक फरक पडला होता. मामांनी समुद्राचा विषय काढला की मामी आता उठून जात नसत. “बघू पुढल्या उन्हाळ्यात,” म्हणत. असे दोन-तीन उन्हाळे गेले. मामा निवृत्त झाले त्याच वर्षी छातीत कळ येऊन ते गेले. शेवटी त्यांनी त्या बेटाचं काही काढलं का, असं लोक मला विचारत. नाही काढलं. सुभेदारणीला, त्या बकरीला, पाणी दाखवलं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा शिक्षक, गाव कोकणातलं, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पहिली पत्रिका द्यायला मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा मामी चुलीला पोतेरं देत होत्या. मला पाहून त्यांनी हात न धुताच बसायला पाट सरकवला.

“मामी, माझ्यासंगं चला,” मी म्हणाले. “लग्नानंतर महिनाभर राहा. दारातून समुद्र दिसतो म्हणतात.”

“न्हाई ग.”

“अजून सवत म्हणता काय तिला?”

“नवराच न्हाई, तर सवत कुणाची?” त्यांनी पोतेरं पुन्हा मातीत बुडवलं. चुलीची एक बाजू सारवून घेतली. मग म्हणाल्या, “हे बघ. समज, मी गेले आन् मला लई आवडलं. मंग वाटंल, खरंच राहायला पायजे होतं ह्यांनी तिथं. उगंच उठले. असं वाटलं तर मी कुठं जाऊ, सांग? आन् समज, न्हाई आवडलं. नुसतं खारट पाणी. मंग ह्ये जलमभर कशाला झुरले? निकाल दोन्हीकडून माझ्याच इरुद्ध हाय, पोरी.”

 मामींनी हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्या तोंडावरून फिरवले. हाताला ओल्या मातीचा वास होता.

“तू जा,” त्या म्हणाल्या. “सुखानं ऱ्हा. रोज बघ. पर मला सांगू नको.”

मी गेले. तिथून मी मामींना पुष्कळ पत्रं लिहिली. भात कसा चिकट होतो, पाऊस किती दिवस थांबत नाही, मुलीला पहिला दात आला, नवऱ्याला माझी ज्वारीची भाकरी आवडू लागली. पुढे मामीही गेल्या. त्यांना लिहिलेल्या एकाही पत्रात समुद्र नाही.